लेकीने निवडलेला कठीण प्रसंग

आमच्या घरात दुःखाची टंचाई आहे, हे आम्हाला लेकीच्या शाळेने कळवलं. ती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती आणि मेडिसिनला अर्ज करत होती. पालकांच्या सभेत तिच्या शिक्षिकेने सांगितलं, की मार्क सगळ्यांचेच चांगले असतात, केअर होममध्ये जाऊन म्हाताऱ्यांना चहा देऊन सगळीच मुलं आलेली असतात. मुलाखतीत हमखास विचारतात ते वेगळंच. तुझ्यावर आलेला एखादा कठीण प्रसंग सांग, तू काय केलंस, त्यातून काय शिकलीस. तेव्हा प्रत्येकाने आपापला प्रसंग आत्ताच निवडून ठेवावा. तो खरा हवा, बाई म्हणाल्या, पण ऐकणाऱ्याला रडू येईल इतका मोठा नको.

परत येताना गाडीत नवऱ्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "आपण इथे वीस वर्षं काय केलं मग?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. तो इथे बर्मिंगहॅममध्ये बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, मी हॉस्पिटलात. दोघांनी मिळून जी काही धावपळ केली, ती पोरीवर कठीण प्रसंग येऊ नये म्हणूनच केली होती. चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेतलं, पियानो लावला, पोहायला घातलं. आणि आता ही बाई आम्हाला विचारत होती, तुमच्याकडे काहीच कसं नाही.

नवरा यादी करण्यात पटाईत. त्याच रविवारी त्याने लॅपटॉप उघडून यादी केली. नेटबॉल खेळताना मोडलेलं मनगट. चौथीत बदललेली शाळा. लॉकडाऊन.

"लॉकडाऊन सगळ्यांनाच होता, बाबा," लेक म्हणाली आणि टोस्ट घेऊन वर निघून गेली. तिने स्वतः काय निवडलंय ते ती सांगायला तयार नव्हती.

दिवाळीला आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. फराळाच्या रांगेत त्या वर्षी मेडिसिनवाल्या मुलांच्या आया एकत्र सापडल्या, आणि साड्यांची चौकशी करावी तशी एकमेकींकडे संकटांची चौकशी सुरू झाली. एक म्हणाली, आम्ही सासऱ्यांची बायपास घेतली आहे. दुसरी म्हणाली, आमच्याने बुलिंग घेतलंय, फार काही झालं नव्हतं, पण बोलायला बरं पडतं. मग ती माझ्याकडे वळली. "तुमच्याकडे काही ना काही असेलच की," ती म्हणाली, आणि लगेच तिला आठवलं. तिने चकलीची प्लेट या हातातून त्या हातात घेतली आणि विषय बदलला. तिला आठवलं ते रांगेतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, लेकीची जीसीएसईची, म्हणजे इथल्या दहावीची परीक्षा चालू असताना माझे वडील नागपूरला गेले. दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. पहिलं वाक्य बातमीचं होतं. दुसरं होतं, "पोट्टीला सांगू नको, तिचे पेपर होऊ दे." मी बरं म्हणाले. यात विचार करण्यासारखं काही आहे, असं आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही. आमच्यात हे असंच करतात. परीक्षा चालू असलेल्या पोराला घरातलं मरण सांगत नाहीत. माझ्या नवऱ्याला त्याची आजी गेल्याचं दहावीचा शेवटचा पेपर देऊन आल्यावर कळलं होतं, आणि तोही हे सांगताना तक्रार करत नाही.

मी नागपूरला गेले असते तर लेकीला कळलं असतं. म्हणून मी गेले नाही. उन्हामुळे त्यांनी संध्याकाळी उशिरा नेलं, आमच्याकडे तेव्हा दुपारी जेवणाची सुट्टी होती. हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये, गाडीच्या स्टिअरिंगला फोन टेकवून, मी माझ्या वडिलांचं शेवटचं पाहिलं. मग तोंड धुतलं आणि ओपीडीत जाऊन बसले.

ते सतरा दिवस आम्ही निभावून नेले, आणि एकट्याने नाही. मैत्रिणींचे फोन यायचे, त्या आधी एकच विचारायच्या, तिला माहीत आहे का? नाही म्हटल्यावर घरी कुणी आलं नाही. भेटायला येणाऱ्यांना मी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये भेटले. त्या माझ्या गाडीत शेजारी बसायच्या, माझा हात धरायच्या, रडायच्या, आणि जाताना मागच्या सीटवर खिचडीचा डबा ठेवून जायच्या. रविवारी लेक आणि तिचे आजोबा व्हिडिओवर बोलत, ती सवय मोडणं कठीण होतं. मी सांगितलं, आजोबांचा फोन बिघडलाय. शेवटचा पेपर झाल्यावर नवऱ्याने आणि मी तिला समोर बसवून खरं सांगितलं. ती "ओके" म्हणाली आणि वर गेली. धक्का बसला असेल, असं आम्ही धरून चाललो.

पुढे दादाने हे सगळ्या नातेवाइकांत सांगितलं. काळजावर दगड ठेवला तिने, तो म्हणायचा, लेकीच्या परीक्षेसाठी बापाच्या अंत्यदर्शनालाही आली नाही. ते फिरत फिरत माझ्याकडे परत यायचं. पुण्याच्या मावशीने फोन करून सांगितलं, की तुझ्यासारखी आई व्हायला पुण्याई लागते. मला ऐकायला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

मी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात डॉक्टर आहे. घरच्यांना बातमी सांगणं हे माझं रोजचं काम, आणि नवीन डॉक्टरांना ते शिकवणंही माझ्याकडेच आहे. आधी बसा, मग बोला, मोघम शब्द वापरू नका, आणि बातमी उद्यावर ढकलू नका, असं मी त्यांना सांगते. घरी मी त्यातलं एकही पाळलं नव्हतं आणि त्याबद्दल माझं कौतुक चाललं होतं. ही विसंगती मला कधी टोचली नाही, कारण मी त्या दोन गोष्टी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत.

डिसेंबरात तिला पहिल्या मुलाखतीचं बोलावणं आलं, ऑनलाइन, गुरुवारी. आदल्या रविवारी सकाळी मी तिची सराव मुलाखत घ्यायची ठरवली. मी स्वतः अशा मुलाखती घेतलेल्या आहेत, त्यामुळे नियम कडक ठेवले. नवऱ्याला भाजी आणायला पिटाळलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी या बाजूला, ती त्या बाजूला, मध्ये फोनवर पाच मिनिटांचा टायमर. टायमर वाजेपर्यंत घेणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. खऱ्या मुलाखतीत असेच दगडी चेहरे समोर असतात, तिला सवय व्हायला हवी होती.

पहिला प्रश्न झाला. दुसऱ्याला मी तिला कठीण प्रसंग विचारला आणि टायमर लावला. तिने केस कानामागे घेतले आणि बोलायला लागली. बोलली इंग्रजीत, मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे.

ती म्हणाली, "मी सोळा वर्षांची असताना माझे आजोबा भारतात वारले. माझी परीक्षा चालू होती, म्हणून आईबाबांनी मला ते सांगितलं नाही. पण मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. माझ्या मामेबहिणीने फोनवर त्यांचा फोटो स्टेटसला लावला होता, हार घातलेला. अर्ध्या तासाने तो गेला, बहुतेक तिला कुणीतरी रागावलं असेल. मला वाटलं, आई संध्याकाळी सांगेल. आई घरी आली, तिने पोळ्या केल्या आणि विचारलं, की केमिस्ट्री किती झाली. तेव्हा मला समजलं, की मला माहीत असायला नकोय. मग मी माहीत नसल्यासारखी राहिले."

मी चेहरा हलवला नाही. तो नियम माझाच होता.

"आई फोन घेऊन बागेत जायची, पण बाहेर गार असलं तर तिला घरात बोलता यावं म्हणून मी उगीच शॉवर सोडून बसायचे. रविवारी ती म्हणाली, आजोबांचा फोन बिघडलाय. मी विचारलं, कधी दुरुस्त होईल? कारण विचारलं नसतं तर तिला संशय आला असता. हे ऐकून लोक म्हणतील, मी आईची काळजी घेत होते. ते अर्धं खरं आहे."

इथे ती पाणी प्यायली. दोन मिनिटं शिल्लक होती.

"उरलेलं अर्धं असं. आई माझ्यामुळे गेली नाही. मला माहीत आहे, असं मी त्याच संध्याकाळी म्हटलं असतं, तर ती सकाळच्या विमानाने गेली असती. अंत्यविधी हुकला असता, पण दहाव्याला, तेराव्याला ती तिच्या घरी असती. मी रोज रात्रीच्या जेवणाला ते म्हणायचं ठरवायचे. पण माझं फिजिक्स बाकी होतं. ती फॉर्म्युले विचारायची, ती घरात असली की मला भीती वाटायची नाही. मला ती जायला नको होती. म्हणून मी गप्प बसले. मला सगळ्यात चांगले ग्रेड मिळाले, आणि आई तिच्या वडिलांना शेवटचं भेटली नाही. यातून मी शिकले, की..."

टायमर वाजला.

मुलाखत घेणाऱ्याने आता पुढचा प्रश्न विचारायचा असतो. मी म्हणाले, "हे नाही सांगायचं." आवाज चढला होता आणि मी तो खाली आणला नाही. मी म्हणाले, घरातल्या गोष्टी परक्यांसमोर मांडायच्या नसतात. म्हणाले, पॅनेलवर डॉक्टर असतात, ते विचारतील, आई काय करते, मग काय सांगशील? म्हणाले, त्या महिन्यात मी काय सोसलं ते तुला ठाऊक तरी आहे का, हा प्रसंग तुझा नाही, माझा आहे.

"ओके," ती म्हणाली. "म्हणजे मी फक्त पेपर दिले." आणि ती उठून वर गेली.

दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. मी फुरंगटून बसले होते, आणि वॉर्डात एका ज्युनियरवर विनाकारण खेकसले. स्वतःला सांगत राहिले, की मला राग आला तो तिने लपवल्याचा. ते खोटं होतं. ज्याने मला खरोखर अस्वस्थ केलं, ते तिच्या बोलण्यातलं एक वाक्य होतं. आई माझ्यामुळे गेली नाही.

कारण ते खरं नव्हतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

वडील गेले त्या वर्षी जानेवारीत दादाने मला वडिलांचा स्कॅनचा रिपोर्ट पाठवला होता. मी तो दोन पेशंटच्या मध्ये, उभ्याउभ्या वाचला. ते त्या वर्षीची दिवाळी बघणार नाहीत, हे मला दुसऱ्या पानावर कळलं. दादाला मी कळवलं, बघू या, औषधं चालू ठेवा. वडील दर रविवारी लेकीशी बोलून झालं की मला विचारायचे, "कधी येतेस?" मी म्हणायचे, ईस्टरला. ईस्टर आला. मला रजा मिळाली होती, लेकीचा अभ्यास बघायला नवरा घरी होता, विमानं चालू होती. मी तो आठवडा घरी बसून वरच्या लहान खोलीला रंग दिला. त्यांना मी सांगितलं, की हॉस्पिटलात माणसं कमी आहेत. ते म्हणाले, "बरं, मग मेमध्ये बघ."

मी रोज मरणाऱ्या माणसांच्या पलंगाशी बसते. नेमकं म्हणूनच मला त्यांच्या पलंगाशी जायचं नव्हतं. हातांची हाडं कशी दिसायला लागतात, श्वास कसा होतो, हे मला पाठ आहे, आणि ते त्यांच्या अंगावर पाहायची माझ्यात हिंमत नव्हती. ते गेल्यावरही नव्हती. ते घर, ती खोली, आणि तिथे बसलेले सगळे मला विचारणार, की तू डॉक्टर ना, तुला आधी कळलं नाही? म्हणून दादाने फोनवर पोरीला सांगू नको म्हटलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते सुटल्यासारखं. रडू नंतर आलं.

आता माझी लेक असं समजून डॉक्टर व्हायला निघाली होती, की तिने आपल्या आईला तिच्या बापापासून तोडलं. मी गप्प राहिले असते तर तिने ते जन्मभर बाळगलं असतं. मी बोलले असते तर ती त्यातून सुटली असती, आणि मावशीच्या, दादाच्या, स्वतःच्याही नजरेतून मी उतरले असते. रविवार ते मंगळवार मला हे ठरवता आलं नाही. एवढा वेळ लागला, ही गोष्टसुद्धा मी इथे लिहून ठेवते.

मंगळवारी मला सुट्टी होती. ती चारला शाळेतून आली तेव्हा मी टेबलावर कपड्यांच्या घड्या घालत होते.

"बस जरा," मी म्हणाले.

"मॉक इंटरव्ह्यू आहे का?"

"नाही."

ती कोट न काढता बसली. मी तिला सगळं सांगितलं, रिपोर्टपासून रंगापर्यंत. घड्या घालणं थांबवलं नाही, हात मोकळे ठेवले असते तर जमलं नसतं. शेवटी म्हणाले, "तुझी परीक्षा नसती तरी मी गेले नसते. दुसरं काहीतरी शोधून काढलं असतं."

तिने ढिगातला एक मोजा उचलला आणि परत ठेवला.

"सो इट वॉजन्ट मी."

"नाही. कधीच नव्हतं."

"टू इयर्स, आई." तिचा आवाज शांत होता, तोच मला जास्त लागला. "तू कधी कधी जेवताना माझ्याकडे बघत बसतेस. मला वाटायचं, तुला तेच आठवतं. की हिच्यामुळे."

मी रडले. तीही रडली, पण टेबलाच्या त्या बाजूला बसून, आणि मी हात पुढे केला तो तिने धरला नाही. तो धरायला हवा होता, असं मी म्हणणार नाही.

थोड्या वेळाने तिने बाहीला नाक पुसलं. "मी ते गुरुवारी सांगणारच नव्हते," ती म्हणाली. "टायमर ऑन असला की तू मध्ये बोलत नाहीस, म्हणून तेव्हा सांगितलं." मग विचारलं, "मामाला माहीत आहे?"

"नाही."

"मग त्याला सांग. तो मला प्रत्येक कॉलला तेच सांगतो. आईचे उपकार विसरू नको, तिने तुझ्यासाठी काय सोडलं ते लक्षात ठेव. माझ्या बर्थडेला पण सांगितलं त्याने."

हे मला ठाऊक नव्हतं. दादा नातेवाइकांत सांगतो, एवढंच मी धरून चालले होते. तो हे तिलाही ऐकवत होता, दोन वर्षं, आणि ती "हो मामा" म्हणत होती.

"सांगते," मी म्हणाले. "तुझा इंटरव्ह्यू एकदा होऊ दे, मग शांतपणे सांगते त्याला."

ती माझ्याकडे बघत राहिली. आपण काय बोललो ते माझ्या कानांपर्यंत पोचायला जरा वेळ लागला.

मी फोन घेतला. नागपूरला साडेनऊ वाजून गेले होते, दादा जेवून बसला असणार. त्याने लगेच उचलला आणि नेहमीसारखं आधी भाचीचंच विचारलं. गुरुवारीच आहे ना तिची मुलाखत? टेन्शन घेऊ नको म्हणावं. आणि तिला म्हणावं, आईने तिच्यासाठी काय केलं ते फक्त आठव, सगळं नीट होईल.

फोन स्पीकरवर होता. लेक कोट घालून तशीच समोर बसली होती.

"दादा," मी म्हणाले, "ते तिला परत सांगू नकोस. ते खरं नाही."